पाठमोऱ्या पेरियम्मा

प्रयोगाचा निकाल वाचायची वेळ झाली की पेरियम्मा आपली खुर्ची उचलायच्या, खिडकीपाशी नेऊन ठेवायच्या आणि आम्हा सगळ्यांकडे पाठ करून बसायच्या. प्रयोगशाळा त्यांची, प्रकल्प त्यांचा, दिल्लीला खेटे घालून पैसा आणला तोही त्यांनीच. आणि ऐन निकालाच्या वेळी बाईंचं तोंड बाहेरच्या करंजाच्या झाडाकडे. आम्हाला दिसायचा तो पिकलेल्या केसांचा अंबाडा आणि त्यावरचा वीतभर मोगरा. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला वाटलं, माझं काहीतरी चुकलं आणि बाई रुसल्या.

"रुसले नाही गे," त्या नंतर मला म्हणाल्या. "कागद तुझ्या हातात आणि डोळे माझ्या तोंडावर. मला पाहिजे तसं निघालं की तुझा आवाज चढणार, नक्को तसं निघालं की पडणार. आवाज पडला की सगळे म्हणतात, पुन्हा करून बघू. म्हणून माझं तोंडच बाजूला नेलं."

पेरियम्मा हे काही त्यांचं नाव नव्हे. तमिळमध्ये आईच्या थोरल्या बहिणीला पेरियम्मा म्हणतात. समोर सगळे त्यांना मॅडम म्हणायचे आणि पाठीमागे पेरियम्मा. आणि बाई महत्त्वाच्या वेळी पाठ करूनच बसत असल्यामुळे दुसरं नावच जास्त चालायचं. त्यांना ते ठाऊक होतं. कधीकधी दारातून आत येताना त्या स्वतःच विचारायच्या, "पेरियम्माची कॉफी कोणी प्यायली?"

दोन हजार चार-पाचच्या सुमाराला मी अकोल्याहून चेन्नईला पीएचडी करायला आले. माझ्या खोलीत राहणाऱ्या दोघी अंबत्तूरला कॉम्प्युटरच्या कंपनीत होत्या. त्या सकाळी गळ्यात ओळखपत्र घालून बाहेर पडायच्या आणि मी पिशवीत डबा टाकून. "तू दिवसभर करतेस तरी काय?" असं त्यांनी विचारलं तेव्हा मी खरं ते सांगितलं, की उंदराच्या पेशींना खाऊपिऊ घालते. त्यानंतर त्यांनी मला त्यांच्या ऑफिसातल्या मित्रमंडळींशी ओळख करून देताना 'शिक्षिका' म्हणायला सुरुवात केली.

मुलाखतीच्या दिवशी पेरियम्मांनी माझा अर्ज पाहिला, चष्मा वर केला आणि इंग्रजी सोडून एकदम विचारलं, "जेवण जाहलं की?" मी चरकलेच. त्या तंजावरच्या मराठी घरातल्या. किती पिढ्यांपूर्वी त्यांचे पूर्वज दक्षिणेत उतरले ते त्यांनाही नीट सांगता यायचं नाही; पण घरात मराठी राहिली होती. तिच्यात 'कोठे' होतं, 'तेथे' होतं, 'जाहलं' होतं, आणि सगळ्याला तमिळ चाल. माझ्या आजीच्याही आजीने नेसलेलं लुगडं कुणीतरी रोज धुऊन नेसावं तशी ती भाषा वाटायची. मी माझी अकोल्याची मराठी जरा घासूनपुसून बोलायला लागले, तर म्हणाल्या, "तुमची मराठी वर्तमानपत्रातली. आमची सैपाकघरातली. दोन्ही बोलू. कामाची भाषा कोठली ते काम ठरवील."

काम म्हणजे काय, ते थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं हवेत राहील. मेंदूतल्या पेशी एकमेकींना बिलगून नसतात. त्यांच्यामध्ये जोड असतात, आणि या जोडांतून निरोप जातो. एखाद्या जोडातून पुन्हा पुन्हा निरोप गेला की तो बळकट होतो, आणि ही बळकटी टिकली तर तिलाच आपण आठवण म्हणतो, असं मानतात. पेरियम्मा हे एका वाक्यात सांगायच्या: "येणंजाणं ठेवलं तर नातं, नाहीतर नुसतं आडनाव." प्रश्न असा, की बळकटी टिकवतं कोण? पेरियम्मांनी तरुणपणी त्यासाठी एक प्रथिन शोधलं होतं. वजनावरून त्याला आम्ही 'एकतीस' म्हणायचो. एक औषध देऊन उंदराच्या मेंदूतल्या एकतीसचं काम थांबवलं की जोड बळकट व्हायचे, पण ती बळकटी दुसऱ्या दिवसापर्यंत ओसरून जायची. म्हणजे आठवणीचा राखणदार एकतीस. या एका गोष्टीवर त्यांचं नाव झालं, याच गोष्टीवर पुढची वीसेक वर्षं गेली, आणि देशातली प्रत्येक परिषद त्यांची ओळख 'एकतीसवाल्या बाई' अशीच करून द्यायची.

मी आले तेव्हा त्यांच्या निवृत्तीला थोडी वर्षं उरली होती आणि त्यांना एक शेवटची खात्री करून घ्यायची होती. औषधाने थांबवण्यापेक्षा एकतीस मुळातच नसलेल्या पेशी घ्यायच्या. त्यासाठी उंदराच्या मूळपेशी वापरायच्या, म्हणजे ज्यांचं पुढे काय व्हायचं ते अजून ठरलेलं नाही अशा. त्यातल्या काहींमधून एकतीस काढून टाकायचा, सगळ्यांना समजावून-चुचकारून मेंदूच्या पेशी बनवायचं, त्यांच्यात जोड होऊ द्यायचे, जोडांना बळकटी आणायची आणि दुसऱ्या दिवशी बघायचं: बळकटी टिकली की ओसरली. एकतीसवाल्यांमध्ये टिकली आणि बिनएकतीसवाल्यांमध्ये ओसरली, की पेरियम्मा खऱ्या. दोन्हींत टिकली, तर वीस वर्षांचं सगळं मुसळ केरात. आणि त्यावर माझा प्रबंधही अवलंबून होता, हे मी रोज रात्री अंथरुणावर स्वतःला सांगत असे.

मूळपेशी फार लाडावलेल्या असतात. रोज त्यांचं जुनं पाणी काढून ताजं घालावं लागतं. "पेशींना सण नसतो," असं पेरियम्मा म्हणायच्या, आणि सणाच्या दिवशी आमची पाळी त्या स्वतः घ्यायच्या. माझ्या पहिल्या दिवाळीला घरी जायचं तिकीट मिळालं नाही म्हणून मी सकाळीच लॅबमध्ये गेले, तर बाई आधीच हजर. नवी रेशमी साडी, केसांना तेलाचा वास, कपाळावर ओलं कुंकू, वरून पांढरा कोट. तमिळ घरांत दिवाळीला पहाटेच्या अभ्यंगाला गंगास्नान म्हणतात आणि भेटल्याभेटल्या तेच विचारतात. पेरियम्मा एकेका बशीतलं पाणी बदलत तिला विचारत होत्या, "गंगास्नानम् आच्चा?" झालं का तुमचं गंगास्नान? मग मला तेच विचारलं. मी नाही म्हटल्यावर कोट काढून ठेवला आणि मला मैलापूरला घरी नेलं. न्हाणीघरात पाटावर बसवून त्यांनी माझ्या डोक्याला तेल थापलं तेव्हा मला रडू फुटलं. त्यांनी मुळीच समजूत घातली नाही. तेल डोळ्यांत गेलं असेल, एवढंच म्हणाल्या.

त्या घरातच अण्णांची नीट ओळख झाली. अण्णा म्हणजे त्यांचे यजमान. मैलापूरच्या एका शाळेत जन्मभर गणित शिकवून निवृत्त झालेले, वेष्टी म्हणजे तिकडचं लुंगीवजा धोतर, अर्ध्या बाह्यांचा पांढरा सदरा, उन्हापावसात हातात छत्री. आमच्या लॅबमध्ये त्यांच्याकडे एक खास खातं होतं. कोणत्या बशीत एकतीस आहे आणि कोणत्यात नाही, हे मोजणाऱ्याला कळता कामा नये. कळलं की डोळा फितूर होतो. ही झाकपाक सगळ्याच चांगल्या लॅबमध्ये करतात. सांकेतिक खुणा लिहून कागद कुणाच्या तरी ड्रॉवरमध्ये ठेवतात. पेरियम्मांना कागद मान्य नव्हता. "ड्रॉवर असला की हात जातो. माझासुद्धा जाईल," म्हणायच्या.

म्हणून आम्हाला खोलीबाहेर काढून अण्णा बश्यांवरच्या खऱ्या खुणांवर कागदी पट्ट्या चिकटवायचे आणि प्रत्येक पट्टीवर त्यांच्या एकेका जुन्या विद्यार्थ्याचं नाव लिहायचे. एकतीस असलेल्या बशीला गणितात पास झालेल्याचं, नसलेल्या बशीला नापास झालेल्याचं. कामाक्षी पास की नापास, दुरैराजचं काय झालं, हे अण्णांशिवाय जगात कुणाला माहीत नव्हतं. पेरियम्मांनाही नाही. दर खेपेला नावं नवी, नाहीतर गुपित पहिल्याच मुठीला फुटलं असतं. निकालाच्या दिवशी आम्ही नाव वाचायचं, त्या बशीत काय झालं ते सांगायचं, आणि अण्णांनी डोळे मिटून म्हणायचं, "पास" किंवा "नापास". मग पट्टी सोलून खाली बघायचं. अण्णा एकदाही चुकले नाहीत. आठवणींवर काम करणाऱ्या लॅबचं गुपित एका म्हाताऱ्या मास्तरांच्या आठवणीत ठेवलेलं होतं, आणि ते तिथे अगदी सुखरूप होतं. या सगळ्याला पेरियम्मा 'मूठ उघडणं' म्हणायच्या. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण त्यांच्या घरात टिकली होती, पण त्या तिला एक शेपूट जोडायच्या: "आपल्याला सव्वा लाख नक्को. आपण उघडायलाच झाकतो."

अशा रीतीने महिनोन्‌महिने मी एकेका खेपेच्या बश्या वाढवल्या; तिसऱ्या खेपेला दुरैराज, वळ्ळी, गोमती, कामाक्षी होते. माणसाचा स्वभाव असा, की नाव दिलं की जीव जडतो. काही बश्या पटकन मेंदूच्या पेशी व्हायच्या, लांब लांब फांद्या काढायच्या. दुरैराज आणि वळ्ळी मात्र कायम मागे. मी कुरकुर केली की दुरैराज फार आळशी आहे, तर पेरियम्मा सूक्ष्मदर्शकातून डोळा न काढता म्हणाल्या, "उशिरा उठतो, पण उठतो ना? मग ओरडू नक्को."

पण त्याच्या कितीतरी आधी पहिली मूठ उघडली. मी नावं वाचत गेले, अण्णा सांगत गेले, आणि पासवाल्यांत बळकटी टिकली होती तशी नापासवाल्यांतही टिकली होती. माझा आवाज पडला तो पडलाच. पेरियम्मांनी खुर्ची वळवली तेव्हा सगळ्यांची तोंडं उतरलेली. मग कुणाला तरी आठवलं, की मधल्या काळात सीरमची बाटली बदलली होती. सीरम म्हणजे वासराच्या रक्तातला पेशींना पोसणारा भाग. दर खेपेची बाटली थोडी वेगळी असते. आमच्या धंद्यात सीरमचं स्थान घरातल्या सुनेसारखं असतं, काही बिघडलं की पहिलं बोट तिच्याकडे. आम्हाला केवढं हायसं वाटलं. पेरियम्मांनाही वाटलं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. त्यांनी त्या दिवशी सगळ्यांना कॉफीबरोबर चकलीसारखे मुरुक्कू मागवले.

दुसऱ्या खेपेला आधीच सीरमच्या एकाच खेपेतल्या बाटल्या राखून ठेवल्या. मूठ उघडली आणि पुन्हा तेच. या वेळी ऐन पोंगलच्या सुट्टीत पेशी ज्या उबदार कपाटात ठेवतात त्याचा गॅस संपला होता. झालं, सिलिंडरवर आळ आला. पेरियम्मा म्हणाल्या, पुन्हा करू. खाली उतरताना अण्णा जिन्यात छत्री टेकत मागून येत होते. ते शांतपणे म्हणाले, "पोरगं नापास जाहलं की आईबाप आधी म्हणतात, पेपर कठीण होता. मग म्हणतात, मास्तर वाईट. पोराकडे तिसऱ्यांदा बघतात."

पेरियम्मा पायरीवर थांबल्या. मला वाटलं, आता बोलतील काहीतरी लागट. पण त्यांनी नुसतं "सेरी" म्हटलं, म्हणजे बरं, आणि चालू लागल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी लॅबमधला पांढरा फळा पुसून स्वच्छ केलेला होता. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: सबबी. "या खेपेला निकाल वाईट आला तर तुम्ही काय काय म्हणाल, ते सगळं आत्ताच लिहा," त्या म्हणाल्या. "नंतर सुचलेली सबब मी ऐकणार नाही." आम्ही आधी हसलो. मग लिहायला लागलो. सीरम, गॅस, करंट जाणं, माझा हात, पेशींचं वय, सूक्ष्मदर्शकाचा दिवा, उन्हाळा. फळा भरला. शेवटी पेरियम्मांनी स्वतः खडू घेतल्यासारखं पेन घेतलं आणि कोपऱ्यात लिहिलं, 'बाईंना पाहिजे होतं म्हणून'. मग पुढचे कित्येक महिने एकेका सबबीचा बंदोबस्त करायचा आणि ती खोडायची, एवढंच काम. मी किती वेळा करवादले, ते माझं मलाच माहीत. खोलीतल्या मैत्रिणी विचारायच्या, अजून नाही का झालं? मी म्हणायचे, सबबी संपल्या नाहीत.

तिसरी मूठ उघडायच्या आठवड्यात संस्थेचे संचालक वर आले. भला माणूस, पेरियम्मांपेक्षा वयाने लहान, त्यांना फार मानणारा. महिन्याअखेरीला बाईंचा निरोपसमारंभ, मोठमोठी माणसं येणार, त्यांचं भाषण एकतीसवरच. संचालकांनी माझ्यासमोरच अजिजीने सांगितलं, की प्रयोग झाला आहे, पेशी मोजून झाल्या आहेत, तर अण्णांना महिनाभर बोलवू नका. नंतर सावकाश उघडा. तोवर तुम्ही सुखाने निवृत्त व्हा. मला ते अगदी पटलं. मूठ झाकलेली राहिली असती तर खोटं कुणीच बोललं नसतं.

पेरियम्मांनी त्यांच्याकडे बघितलं, मग फळ्याकडे. फळ्यावर सगळं खोडलेलं होतं. "ही सबब फळ्यावर नाही," त्या म्हणाल्या. "आता उशीर जाहला." आणि त्यांनी संचालकांना कॉफी दिली.

शनिवारी सकाळी अण्णा आले. छत्री कोपऱ्यात ठेवली, बसले, डोळे मिटले. पेरियम्मांनी खुर्ची खिडकीपाशी नेली. मी वाचायला लागले.

"कामाक्षी. टिकली."

"पास."

"दुरैराज. टिकली."

"नापास."

"गोमती. टिकली."

"पास."

"वळ्ळी. टिकली."

"नापास."

पुढचं नाव मी वाचलं ते माझं मलाच ऐकू आलं नाही. तेवढ्यात खिडकीकडून आवाज आला. "मोठ्याने वाच गे."

मी मोठ्याने वाचलं. शेवटपर्यंत वाचलं. सगळ्यांची टिकली होती. समोर तो अंबाडा आणि तो मोगरा, आणि त्यापलीकडे त्यांचा चेहरा कसा असेल याची कल्पना करवत नव्हती. मला त्या वेळी त्यांचा राग आला होता, अण्णांचा आला होता, त्या करंजाच्या झाडाचासुद्धा आला होता. वीस वर्षं एका माणसाने एका गोष्टीला जीव लावावा आणि ती आपण नाव वाचून वाचून काढून घ्यावी, हे काय काम झालं? ते जुनं औषध एकतीसला थांबवता थांबवता आणखी कशाला तरी थांबवत होतं, आणि त्या आणखी कशाचं तरी श्रेय एकतीसला मिळत होतं. आठवणीचा राखणदार तो नव्हताच.

पेरियम्मांनी खुर्ची वळवली. चेहरा कोरडा होता, फक्त एकदम थकलेला. त्यांनी फळ्याकडे पाहिलं. फळ्याने काहीच मदत केली नाही. तेव्हा अण्णांनी डोळे उघडले आणि अगदी वर्गात बोलावं तसं म्हणाले, "मी तुला किती वर्षं सांगतोय गे. नापास पोरंही पुढे नीटच होतात."

पेरियम्मा हसायला लागल्या. हसता हसता त्यांनी पदर डोळ्यांना लावला आणि तो बराच वेळ तिथेच राहिला. अण्णा उठून त्यांच्या खुर्चीमागे जाऊन उभे राहिले. आम्ही बाकीचे पट्ट्या सोलत बसलो. अण्णा याही वेळी चुकलेले नव्हते.

समारंभाला संचालकांनी शाल आणली होती, हार होता, पहिल्या रांगेत पाहुणे. पेरियम्मा नेहमीसारख्या उभ्या राहिल्या आणि पंचवीस मिनिटं एकतीसची सगळी कहाणी सांगितली, औषधापासून सुरुवात करून. मग म्हणाल्या, आता हे सगळं का चूक आहे ते सांगते. मी भाषणाआधी म्हटलं होतं, तो भाग मी सांगते, काम मी केलंय. तर म्हणाल्या होत्या, "काम तुझं, ते नाव तुला मिळेल. चूक माझी, ती मी सांगणार. तीही तुला कशी देऊ?" मागच्या रांगेत कुणीतरी कुजबुजलं, निवृत्तीच्या दिवशी हे कशाला. मला त्या माणसाला उठून काहीतरी बोलावंसं वाटलं, पण पेरियम्मांनी शाल अंगावर घेतली आणि हसून फोटोला उभ्या राहिल्या, म्हणून गप्प बसले.

माझा प्रबंध त्याच निकालावर झाला. परीक्षकांनी विचारलं, यातून नवं काय मिळालं? मी पेरियम्मांचंच उत्तर दिलं: एक दार बंद आहे हे कळलं, आता तिकडे कुणी डोकं आपटणार नाही. पण खरं तर पेरियम्मांना दुसरंच काही खात होतं. चेन्नई सोडायच्या आधी मी त्यांच्या घरी निरोप घ्यायला गेले. तळ्याकडून देवळाच्या घंटा ऐकू येत होत्या, अण्णा वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवत होते. पेरियम्मा माझ्या पिशवीत लोणच्याची बरणी कोंबत म्हणाल्या, "एकतीस खोटा नव्हता गे. मी त्याला दुसऱ्याच्या खुर्चीत बसवला. मग त्याचं स्वतःचं काम काय? ते कोणी विचारलंच नाही." मग थांबून म्हणाल्या, "तो दुरैराज उशिरा उठायचा ना? आणि वळ्ळी? दोघं नापास. ते बघ."

म्हणजे एकतीसचं काम आठवण राखण्यात नसून पेशीला मेंदूची पेशी बनायची घाई लावण्यात असेल. तो नसला तर पेशी थोडी उशिरा जागी होत असेल. माझ्या कुरकुरीतून त्यांनी हे उचललं होतं. पायाला हात लावला तेव्हा पाठीवर थाप देऊन म्हणाल्या, "जाते म्हणू नक्को. येते म्हण."

पुण्यात माझी स्वतःची छोटी लॅब उभी राहायला काही वर्षं गेली. दर शनिवारी फोन यायचा. मी कशी आहे हे नंतर, आधी, "एकतीस कसा आहे?" मी म्हणायचे, अजून कळत नाही. त्या म्हणायच्या, सेरी. झाकपाकीची त्यांची पद्धत मी मोडली नाही. माझी एक विद्यार्थिनी फोनवर अण्णांकडून नावं घेऊन पट्ट्या लावायची, आणि दुसरी मोजायची. मूठ उघडायला फोनवर अण्णाच असायचे, आणि त्यांच्यामागे पेरियम्मांच्या भांड्यांचा आवाज. मीही आता खुर्ची खिडकीपाशी नेते. बाहेर करंज नाही, पार्किंग आहे, पण चालतं.

एका उन्हाळ्यात पेरियम्मा गेल्या. दोन दिवस ताप आणि मग झोपेतच. मी मैलापूरला पोहोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. निघताना अण्णा एवढंच म्हणाले, "पट्ट्या लावायच्या असतील तेव्हा फोन कर, मा."

मी महिना-दोन महिने मन घट्ट करत राहिले आणि मग फोन केला. नवी नावं मिळाली. पेशी वाढल्या. या खेपेला आम्ही बळकटी नाही, नुसती वेळ बघत होतो, कोण लवकर जागी होते आणि कोण उशिरा. शनिवारी फोन टेबलावर ठेवला, आवाज मोठा केला, आणि मी सगळ्यांकडे पाठ करून बसले.

"रंगनायकी. लवकर," विद्यार्थिनीने वाचलं.

"पास."

"अरुमुगम. उशिरा."

"नापास."

"सेल्वम. लवकर."

"पास."

"कनकम. उशिरा."

"नापास."

मी खिडकीची चौकट धरली. आणखी नावं वाचून झाली आणि एकही इकडची तिकडे झाली नाही. गणिताच्या मास्तरांना शेवटपर्यंत थांबायची गरज नसते. फोनमध्ये खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि मग अण्णांचा आवाज जरा लांबून, घराच्या आत वळलेला: "अगे, ऐकलंस का? तुझ्या एकतीसचं काम सापडलं!"

मग फोनमध्ये पंख्याचा आवाज तेवढा. मागे माझ्या पोरींपैकी कुणी हललं नाही. पाठ करून बसण्याचा आणखी एक उपयोग असतो, तो मला त्या दिवशी कळला.

अण्णा पुन्हा फोनवर आले. "सवय आहे, मा," ते म्हणाले. "जायला वेळ लागणार."

"नका जाऊ देऊ, अण्णा."

त्यांनी फोन ठेवला नाही. थोड्या वेळाने विद्यार्थिनीने अगदी बारीक आवाजात विचारलं, "मॅडम, उरलेली नावं वाचू?"

"वाच," मी म्हटलं. "मोठ्याने वाच गे."